पानं, बिलं, चिंध्या आणि दोरे: मिश्र माध्यमाच्या चित्रात टिकवायचे कसे, बसवायचे कसे? (एक चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पानगळ
मिश्र माध्यमात काम करते. फिरताना उचललेली पानं, बिया, साली, गवताचे तुरे आणि रोज हाताखालून जाणारं सामान (बिलं, तिकिटं, पाकिटं, जुन्या कपड्यांच्या चिंध्या, शिवणाचे दोरे) यांतून ए-४ आणि ए-३ आकाराची चित्रं. आधाराला ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जलरंगाचा कागद, चिकटवायला पीव्हीए (पांढरा गोंद), त्यावर ॲक्रिलिकचे पातळ थर, शेवटी तैलखडूच्या रेषा आणि सगळ्यावर पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक व्हार्निश. अडचणी अशा:

१. दाबून वाळवलेली हिरवी पानं काही महिन्यांत तपकिरी होतात. व्हार्निशखालीही.
२. पानाच्या मधोमध फुगा येतो, आणि सगळा कागदच चारही कडांनी वर वळतो.
३. बिलांवरची अक्षरं पुसट होतात. एका बिलावर ॲक्रिलिक माध्यम (रंग नसलेला पारदर्शक ॲक्रिलिक द्रव) लावताच काळा डाग पसरला.
४. तैलखडूच्या रेषेवर व्हार्निश बसत नाही, थेंबाथेंबानं गोळा होतं.
५. पूर्ण वाळलेली चित्रं एकावर एक ठेवली की चिकटतात.
६. हे सगळं सुटलं तरी शेवटचा प्रश्न उरतो. चित्र बघताना चित्र दिसत नाही, गोळा केलेल्या वस्तूंचा संग्रह दिसतो.

कारणासकट उत्तर मिळालं तर फार बरं. नुसतं 'हे वापरा' एवढ्यानं पुढच्या वेळी काय बदलायचं ते कळत नाही.

शिरांची जाळी
तुमचे पहिला आणि सहावा हे प्रश्न मला एकच वाटतात. प्रत्येक वस्तूबाबत एक निर्णय आधी घ्यायला हवा: चित्रात ती वस्तू जाणार आहे की तिची खूण? हा निर्णय झाला नाही की सगळं गोंदानं कागदावर येतं. मग टिकत नाही आणि जुळतही नाही.

पान उचलताना नेमकं काय आवडलं ते स्वतःला विचारा. रंग आवडला असेल तर पान लावूच नका. हिरवा रंग हरितद्रव्याचा, ते उजेडात आणि हवेत मोडतं. लाल-जांभळी द्रव्यं उजेडानं तर उडतातच, शिवाय आम्ल-अल्कलीनुसार रंगही बदलतात. कुठलंही व्हार्निश हे थांबवत नाही. अतिनील किरण अडवणारं असलं तरी वेग थोडा कमी होतो, इतकंच. त्यापेक्षा पान ताजं असताना शेजारी कागद ठेवून टिकाऊ रंगांतून तो रंग जुळवा, पट्टी रंगवून ठेवा आणि चित्रात ती वापरा. ट्यूबवर प्रकाशात टिकण्याची श्रेणी छापलेली असते, एएसटीएम (अमेरिकेतलं मानक) १ किंवा २ असलेलेच रंग घ्या.

आकार आवडला असेल तर ठसा घ्या किंवा सायनोटाइप (उन्हानं निळ्या कागदावर सावली उमटवण्याची छपाई) करा. पोत आवडला असेल तर पातळ कागद वर ठेवून पेन्सिलीनं किंवा मेणखडूनं घासून उमटवा. चित्रकार माक्स एर्न्स्टनं १९२५ मध्ये लाकडी फळ्यांवर कागद ठेवून हेच केलं आणि पुढं त्यातून जंगलं, पक्षी काढले. ४० ते ६० जीएसएमचा लांब धाग्यांचा कागद यासाठी चांगला. जाड कागदावर शिरा उमटत नाहीत, फक्त कड उमटते.

प्रत्यक्ष वस्तू फक्त तीच लावा जी आधीच वाळून, मूळ रंग गमावून स्थिर झाली आहे: शेंगांची टरफलं, साल, काटक्या, गवताच्या काड्या, जाळीदार पान.

जाळी करायची असेल तर पिंपळासारखं शिरांनी घट्ट पान घ्या. एक लिटर पाण्यात ४० ते ५० ग्रॅम धुण्याचा सोडा, मंद आचेवर एक ते दोन तास. भांडं स्टीलचं किंवा इनॅमलचं, ॲल्युमिनियमचं नको, सोडा त्याला खातो. हातमोजे घाला, आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. पान बोटांनी चोळल्यावर गर सुटायला लागला की पसरट ताटात पाण्याखाली ठेवून मऊ टूथब्रशनं देठाकडून टोकाकडे झाडा. उलट दिशेनं घासलं की बारीक शिरा तुटतात. शेवटी तीन-चार पाण्यांतून काढा. सोडा आत राहिला तर पुढं शेजारच्या रंगाला त्रास होतो. घाई नसेल तर नुसत्या पाण्यात दोन ते चार आठवडे कुजवूनही जाळी निघते, वास मात्र सोसावा लागतो.

दाबून वाळवण्याबद्दल: टीपकागद पहिले चार दिवस रोज बदला. पातळ पानाला एक आठवडा, जाड पानाला तीन. वाळलं की नाही हे पान गालाला लावून बघा. गार लागलं तर अजून ओल आहे. ओल असलेलं पान माध्यमाखाली बंद केलं की आतून काळं पडतं, बुरशीही धरतं. ग्लिसरिनमध्ये मुरवलेली मऊ पानं कागदावर अजिबात नकोत. ती पाझरत राहतात आणि गोंद धरू देत नाहीत.

खळवाला
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण मिश्र माध्यमातली निम्मी चित्रं गोंदापायीच बिघडतात.

फुग्याची कारणं तीन. पानाच्या पृष्ठभागावर मेणाचा थर असतो, त्यावर पीव्हीए नीट धरत नाही. मधली शीर जाड असते, तिच्या दोन्ही बाजूंना पान कागदाला टेकतच नाही. आणि तिसरं, गोंद एकाच बाजूला लावलेला असतो. यावर करायचं ते असं. पान उलटं ठेवून मधली शीर धारदार ब्लेडनं तासून सपाट करा. आयसोप्रोपिल स्पिरिटमध्ये भिजवून पिळलेल्या कापसानं मागची बाजू हलकेच पुसा. मॅट माध्यम कागदावरही लावा आणि पानाच्या पाठीवरही. पान मधून बाहेर असं बसवा. वर सिलिकॉनचा थर असलेला कागद ठेवून रबरी रोलर फिरवा, मग वजनाखाली दोन तास. फुगा आलाच तर शिरेलगत ब्लेडनं बारीक चीर द्या, सुईच्या टोकानं माध्यम आत सोडा आणि पुन्हा दाबा.

आता कागदाचा बाक. ओला झाला की कागद फुगतो, आणि त्याच्या धाग्यांच्या आडव्या दिशेनं जास्त फुगतो. एका बाजूला माध्यमाचे थर चढले की ती बाजू वाळताना आकसते आणि कडा आपल्याकडे ओढते. तोड म्हणजे मागच्या बाजूलाही तितकाच ताण द्यायचा. पाठीवर माध्यमाचे एक-दोन हात द्या, किंवा त्याच दिशेच्या धाग्यांचा कागद चिकटवा. धाग्यांची दिशा ओळखायला कागद दोन्ही बाजूंनी न मोडता वाकवून बघा. ज्या बाजूनं सहज वाकतो त्या वाकाच्या रेषेला धागे समांतर. वाकलेलं चित्र सरळ करायचं तर पाठ फवाऱ्यानं जेमतेम ओलसर करून, पुढच्या बाजूला सिलिकॉनचा कागद आणि मागं टीपकागद ठेवून, फळीखाली चोवीस तास ठेवा. वर बिया किंवा काटक्या असतील तर हे जमणार नाही. तसलं काम सुरुवातीपासून लाकडी पॅनेलवरच करावं. पॅनेलला आधी माध्यमाचे दोन हात आणि मग जेसो (रंगाआधी द्यायचा अस्तराचा लेप). नाहीतर लाकडातला तपकिरी अंश पारदर्शक जेलमधून (घट्ट ॲक्रिलिक माध्यमातून) वर येतो आणि पिवळी झाक धरते.

सगळ्या कामाला पीव्हीए वापरणं हीसुद्धा एक अडचण आहे. तो एकदा वाळला की काही परत निघत नाही. पातळ कागद, चिंध्या यांच्यासाठी मी या दोन गोष्टी हाताशी ठेवायला सांगेन:

मिथाइल सेल्युलोज, १०० मि.ली. पाण्यात ३ ग्रॅम. पाण्याचा तिसरा हिस्सा गरम घेऊन त्यात भुकटी भुरभुरत ढवळा, मग उरलेलं पाणी थंड ओता. सगळं गरम पाणी घेतलं तर ती विरघळत नाही, नुसती तरंगते. रात्रभर ठेवा, स्वच्छ जेल होते. एकटी नाजूक कागदालाच पुरते. पीव्हीएशी निम्मी-निम्मी मिसळली की सरकवायला वेळ मिळतो आणि पकडही राहते.

गव्हाच्या स्टार्चची खळ, मापानं एक भाग स्टार्च आणि पाच भाग पाणी. पीठ नको, पिठातली प्रथिनं कागद पिवळा करतात आणि कीड बोलावतात. तासभर भिजवा, मंद आचेवर न थांबता ढवळत वीस-पंचवीस मिनिटं शिजवा, निवल्यावर गाळून घ्या. चार-पाच दिवसांत संपवा, आंबूस वास आला की टाकून द्या. ओलसर हवेत खळीला बुरशी आणि कसर दोन्ही लागतात, तिथं मिथाइल सेल्युलोजच बरं.

चिंधी थेट पीव्हीएनं चिकटवली तर गोंद विणीतून वर येऊन काळपट चकाकता डाग पडतो. आधी चिंधीच्या पाठीला पातळ कागदाचं अस्तर द्या. खळ अस्तराला लावा, कापडाला नाही. वाळल्यावर हवं तसं कापा, कडा सुटत नाहीत, आणि मग कागदासारखं चिकटवा. शिवण घालायची तर चिकटवण्याआधी. टोच्यानं ५-६ मि.मी. अंतरावर भोकं पाडून घ्या. त्याहून जवळ पाडली तर कागद तिकिटासारखा त्या रेषेवर फाटतो.

थरावर थर
चौथा आणि पाचवा.

तैलखडूत वाळणारं तेल नसतं. खनिज तेल आणि मेण असतं, म्हणून तो कधीच वाळत नाही. पाण्यातलं व्हार्निश त्यावर थेंब होणारच. आज कसंबसं बसलं तरी उद्या पापुद्रा होऊन निघेल. त्यामुळे ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलखडू चालतो, पण त्यांच्यावर ॲक्रिलिक कधीही नाही. दोन वाटा आहेत. तैलखडूच हवा असेल तर तो शेवटचा थर, त्यावर व्हार्निश नाही, काचेमागं पण काचेला न टेकवता चौकट. व्हार्निश हवं असेल तर रेषा ॲक्रिलिक शाईनं निबनं काढा, किंवा खरखरीत पारदर्शक जेसोचा हात देऊन रंगीत पेन्सिलीनं. पाण्यात विरघळणारे मेणखडूही चालतात, मात्र त्यांच्यावर माध्यमाचा पहिला हात एकदाच आणि हलका. ब्रश परत फिरवला की रेषा पसरते.

चिकटण्याबद्दल: ॲक्रिलिकचा थर हाताला कोरडा अर्ध्या तासात लागतो, पण आतलं पाणी जायला पातळ थराला दोन आठवडे, जाड जेलला महिना किंवा जास्त लागतो. पूर्ण वाळल्यावरही उन्हाळ्याच्या उष्णतेत तो मऊच असतो. म्हणून तोंडाला तोंड लावून कधीच ठेवू नका. मध्ये प्लास्टिक किंवा साधा चकचकीत कागद घातला तर तोही चिकटतो, सिलिकॉनचा थर असलेलाच कागद हवा. उभं ठेवणं सगळ्यात चांगलं. चकचकीतपेक्षा मॅट पृष्ठभाग कमी चिकटतो.

व्हार्निशच्या आधी, चित्र आणि व्हार्निश यांना अलग ठेवणारा एक थर द्या: मऊ जेल दोन भाग, पाणी एक भाग, रुंद ब्रशनं. पुढं कधी व्हार्निश काढायची वेळ आली तर चित्र वाचतं. हे बहुतेक जण गाळतात.

दहा अंशांच्या खाली ॲक्रिलिक लावू नका. कण एकजीव होत नाहीत, थर पांढुरका आणि ठिसूळ राहतो.

निळीशाई
शिरांची जाळी यांनी सायनोटाइप म्हटलंय, त्यात एक मोठी मेख आहे म्हणून लिहिते. कृती शास्त्रज्ञ जॉन हर्शेलनं १८४२ मध्ये शोधली, आणि पुढच्याच वर्षी वनस्पतींची अभ्यासक ॲना ॲटकिन्सनं समुद्रशेवाळांच्या निळ्या सावल्या उमटवून पुस्तकरूपात आणायला सुरुवात केली. म्हणजे वनस्पती आणि हे माध्यम पहिल्यापासून एकत्र आहेत.

द्रावण अ: १०० मि.ली. पाण्यात २५ ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट. द्रावण ब: १०० मि.ली. पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही वेगळ्या गडद बाटल्यांत ठेवा. वापरायच्या वेळी समान मापानं मिसळा, ए-४ ला साधारण ४ मि.ली. पुरतं. मंद पिवळ्या दिव्याखाली, धातूची पट्टी नसलेल्या ब्रशनं आधी उभा मग आडवा हात द्या, अंधारात वाळवा आणि शक्यतो त्याच दिवशी वापरा. दाबून वाळवलेलं पान काचेखाली घट्ट बसवा. ताजं पान नको, रस सुटून डाग पडतात. कडक उन्हात दहा ते वीस मिनिटं. पानाबाहेरचा भाग निळा दिसून भागत नाही, करड्या-तपकिरी रंगावर गेला पाहिजे. कमी ऊन दिलं की धुताना सगळं वाहून जातं, आणि नवीन माणसाची फसगत बहुतेक इथंच होते. पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत पाणी बदलत धुवा. पहिल्या पाण्यात चिमूटभर सायट्रिक आम्ल घातलं तर मधल्या छटा टिकतात. खरा गडद निळा एका दिवसानं येतो. हातमोजे घाला, आणि फेरिसायनाइड तीव्र आम्लाजवळ नेऊ नका.

मेख अशी: हा निळा रंग अल्कलीत मरतो. कॅल्शियम कार्बोनेट घातलेला 'आम्लरहित' कागद इथं चालत नाही, अल्कलीचा साठा नसलेला सुती कागद लागतो. ॲक्रिलिक माध्यमंही किंचित अल्कलीयुक्त असतात. निळ्यावर थेट माध्यम ओतलं तर तो फिकट होऊ शकतो. त्याच कागदाच्या तुकड्यावर आधी करून, आठवडाभर थांबून बघा. धोका नको असेल तर सायनोटाइप स्वतंत्र कागदावर करा, मिथाइल सेल्युलोजनं मागून चिकटवा आणि पुढच्या बाजूला काहीही लावू नका.

पानगळ
फार उपयोगी. दोन उपप्रश्न. बिलांचं काय करायचं? आणि गोळा केलेल्या मातीतून रंग करायचा असेल तर तोही पानांसारखा उडतो का?

खळवाला
बिलाचा कागद उष्णतेनं काळा होणारा असतो. अक्षरं शाईची नसतातच, कागदावरच्या लेपाची असतात. ऊन, उष्णता, प्लास्टिकच्या पाकिटातली तेलं यांनी ती उडतात, आणि काही द्रावकांनी सगळाच लेप काळा पडतो. तुमचा डाग असाच. मूळ बिल चित्रात लावू नका. ६०० डीपीआयला स्कॅन करा, लेसर प्रिंटरवर आम्लरहित कागदावर छापा आणि ते लावा. साध्या इंकजेटची शाई माध्यमानं ओघळते, लेसरचा टोनर ओघळत नाही. नुसती अक्षरं हवी असतील तर लेसर छपाई उलटी काढून, जेलच्या ओल्या थरावर पालथी ठेवा, रात्रभर वाळवा, पाठ ओली करून बोटांनी लगदा चोळून काढा. अक्षरं जेलमध्ये राहतात. वर्तमानपत्रालाही हेच लागू. त्यातलं लिग्निन (लाकडातलं द्रव्य) पिवळं पडणारच.

शिरांची जाळी
माती उडत नाही. तिचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो, गुहाचित्रांत तोच टिकलाय. वाळवा, कुटा, चाळा. मग भरपूर पाण्यात ढवळून दहा-पंधरा सेकंद थांबा. वाळू खाली बसते, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. हे दोन-तीनदा. रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी काढा, गाळ वाळवा आणि वस्त्रगाळ करा. क्षार असलेली माती एकदा जास्त धुवा, नाहीतर वाळल्यावर पांढरा थर फुटतो. पिवळी माती लोखंडी तव्यावर भाजली की लाल होते, एकाच मातीतून जुळणाऱ्या चार-पाच छटा मिळतात.

बांधणीसाठी बाभूळवर्गीय डिंक एक भाग, गरम पाणी दोन भाग, काही थेंब ग्लिसरिन. रंग आणि डिंकपाणी सुरुवातीला सारखं घेऊन काचेवर काचेच्या बत्त्यानं घोटा. वाळल्यावर बोटाला धूळ लागली तर डिंक कमी, तडे गेले आणि चकाकी आली तर जास्त. ॲक्रिलिक माध्यमात घोटली तर पाण्यानं पुन्हा सुटत नाही, तुमच्या थरांना तेच सोयीचं. बारीक धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा.

फुलांचे, पानांचे रस मात्र उडतात. शंका असेल तर पट्टी रंगवून अर्धी ॲल्युमिनियमच्या कागदानं झाका आणि खिडकीत महिनाभर ठेवा.

कोरी कड
सहाव्या प्रश्नाबद्दल. 'रंग आवडला तर पान लावूच नका' याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. पानाचं तपकिरी होणं हाच चित्राचा विषय असेल तर ते लावावं, पण ठरवून. शेजारी त्याच पानाचा ताज्या रंगाचा जुळवलेला पट्टा ठेवा. रंग उडत गेला की दोघांमधलं अंतर वाढतं आणि चित्र त्यावरच उभं राहतं. अशा चित्राच्या पाठीवर तसं लिहून ठेवा, आणि घेणाऱ्याला आधी सांगा.

संग्रह दिसतो याचं कारण बहुधा असं की प्रत्येक वस्तू पूर्ण, सुटी आणि सारख्याच आकाराची ठेवलेली असते. नजर एकेक वस्तू ओळखत जाते आणि ओळख पटली की पुढं सरकते. ओळख जरा लांबवा. पान अर्धं कडेबाहेर जाऊ द्या. बिलाचे आकडे दिसतील पण मजकूर वाचता येणार नाही असा तुकडा घ्या. जर्मन चित्रकार कुर्ट श्विटर्सनं १९१९ पासून तिकिटं, वेष्टनं, तारा अशाच वापरल्या. त्याच्या कोलाजमधलं (तुकडे चिकटवून केलेल्या चित्रातलं) तिकीट आधी रंगाचा चौकोन म्हणून दिसतं, तिकीट असल्याचं मागाहून कळतं.

करून बघण्यासारखं म्हणजे, चिकटवण्याआधी मांडणीचा फोटो काढून तो कृष्णधवल करा. सगळं एकाच मधल्या करड्यात मिसळलं तर मांडणी फसली आहे. वाळलेली पानं, जुना कागद, सुतळी हे सगळेच मध्यम छटेचे असतात, म्हणून नैसर्गिक सामानाच्या कोलाजमध्ये हे हटकून होतं. एक खरा गडद आणि एक खरा उजळ भाग मुद्दाम आणावा लागतो. भाजलेली माती, शाई, कोरा ठेवलेला कागद, काहीही चालेल.

कडांकडेही बघा. फाटलेली कड मऊ, कात्रीची कठीण. सगळ्याच फाटलेल्या असल्या तर चित्र धूसर होतं. माझ्या मते तीन-चार फाटलेल्या कडांमागे एक सरळ कापलेली असावी.

रोजच्या सरावासाठी १० × १० सें.मी.चे कागद कापून ठेवा. दर कागदावर एक बाहेरची खूण (ठसा, घासून उमटवलेला पोत, सावली), एक घरातला कागद किंवा कापड, आणि हातानं काढलेली एकच रेषा. चौथं काही नाही. एक महिना एकच झाड किंवा एकच भिंत धरा. पाठीवर तारीख, जागा, गोंद, रंग लिहा. महिनाअखेर सगळे जमिनीवर मांडले की हात पुन्हा पुन्हा कुठं जातो ते दिसतं, मोठं चित्र तिथून सुरू करा. जमवलेलं सामान प्रकारानं लावण्याऐवजी (पानं इथं, बिया तिथं) छटेनं लावा. हात आपोआप रंगाकडे जातो, वस्तूकडे नाही.

थरावर थर
एक राहिलं. बाहेरून आणलेल्या साली, शेंगा, काटक्या चित्राजवळ नेण्याआधी पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, म्हणजे अळ्या, अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर थंड वस्तूवर हवेतली ओल जमते. चौकट करताना सगळ्यात उंच वस्तूपेक्षा काच किमान ५ मि.मी. वर राहील इतकी खोल पेटी घ्या, आणि अंतर राखणारी पट्टी चौकटीच्या आतल्या कडेला लावा, चित्रावर नाही.

पानगळ
उंच वस्तू १२ मि.मी.ची शेंग आहे. म्हणजे चित्रापासून काचेपर्यंत १७ मि.मी. अंतर. बरोबर?

थरावर थर
हो, पण २० धरा. कागदाला पुढं थोडा बाक येतोच, आणि शेंग फुटायची असेल तर तिला जागा लागते. शेंग नुसत्या गोंदावर ठेवू नका. मागून दोन भोकं पाडून मेणाच्या दोऱ्यानं बांधा, गाठीवर पाठीकडून पीव्हीएचा एक थेंब.